किरण वाट चुकतो तेव्हा

जुन्नर तालुक्यात नारायणगावहून पूर्वेला निघाले की काही किलोमीटरवर खोडद लागते. जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण येथेच आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मधल्या चौरसात आहेत, तर उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटर अंतरापर्यंत पसरल्या आहेत. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, गिरवलीच्या डोंगरावर, आयुका या संस्थेची वेधशाळा आहे. तेथील दुर्बिणीच्या आरशाचा व्यास २ मीटर असून तिचे उद्घाटन २००६ साली झाले. एक दुर्बीण रेडिओ लहरी टिपते, दुसरी डोळ्यांना दिसणारा प्रकाश. मूळ काम मात्र दोघींचे एकच. फार दूरवरून आलेले समांतर किरण वाकड्या पृष्ठभागावर झेलायचे आणि एका जागी गोळा करायचे.

हे किरण खरोखर एका जागी गोळा होतील की नाही, हे दुर्बीण बांधण्याआधीच कळायला हवे. त्यासाठी एकेका किरणाचा माग काढावा लागतो. पूर्वी हे काम लॉगच्या कोष्टकांच्या साहाय्याने हाताने होत असे. १८४० साली व्हिएन्नात पेट्झवाल यांनी छायाचित्रणासाठी नवे भिंग रचले, तेव्हा आकडेमोडीसाठी त्यांच्या मदतीला तोफखान्यातले गणित जाणणारे सैनिक दिले होते! आता हेच काम संगणक क्षणात लाखो किरणांसाठी करतो. व्यावसायिक आज्ञावली महाग असतात, पण शाळेला त्यांची गरज नाही. स्प्रेडशीट किंवा पायथॉनची पंधरा-वीस ओळींची आज्ञावली पुरते, आणि नववी-दहावीचे विद्यार्थी ती लिहितातही.

अडचण त्यानंतर येते. पडद्यावर चित्र उमटते आणि ते पुस्तकातल्या चित्रासारखे नसते. एखादा किरण काचेतून बाहेरच येत नाही, एखादा आरशाच्या आरपार जातो, एखादा भलतीकडेच वळतो. अशा वेळी दोष संगणकाचा, आज्ञावलीचा, की आपल्या समजुतीचा? हे शोधायचे कसे, ते पाहू.

आज्ञावली प्रत्येक किरणासाठी तीनच प्रश्न विचारते. किरण पुढच्या पृष्ठभागाला कोठे भेटतो? त्या बिंदूपाशी स्तंभिका कोणत्या दिशेला आहे? आणि परावर्तन किंवा अपवर्तन झाल्यावर किरण कोणत्या दिशेने निघतो? मग नव्या दिशेने पुन्हा पहिला प्रश्न. सगळ्या चुका या तीनपैकी कोठेतरी होतात. मात्र चूक शोधायला निघण्यापूर्वी आणखी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे आपण ज्या उत्तराची अपेक्षा करतो आहोत ते उत्तर तरी बरोबर आहे का?

एक उदाहरण घेऊ. ४० सेंटिमीटर वक्रता त्रिज्येचा गोलीय अंतर्वक्र आरसा आहे. पाठ्यपुस्तक सांगते, नाभीय अंतर त्रिज्येच्या निम्मे, म्हणजे २० सेंटिमीटर. आता अक्षाला समांतर, पण अक्षापासून २४ सेंटिमीटर उंचीवरून येणारा किरण आज्ञावलीला द्या. परावर्तनानंतर तो अक्षाला ध्रुवापासून १५ सेंटिमीटरवर छेदतो असे उत्तर येईल. विद्यार्थी म्हणेल, प्रोग्रॅम चुकला. घाई करू नका, वहीवर आकृती काढा. वक्रतामध्य, आपतनबिंदू आणि अक्षावरचा छेदनबिंदू मिळून एक त्रिकोण होतो. आपतन कोन व परावर्तन कोन समान असल्याने, आणि व्युत्क्रम कोनांच्या नियमाने, हा त्रिकोण समद्विभुज निघतो. त्याचा पाया म्हणजे त्रिज्या. त्यावरून छेदनबिंदूचे वक्रतामध्यापासूनचे अंतर मिळते, त्रिज्या भागिले आपतन कोनाच्या कोसाइनची दुप्पट. येथे त्या कोनाचे साइन २४ भागिले ४०, म्हणजे ०.६. कोसाइन ०.८. म्हणून अंतर ४० भागिले १.६, म्हणजे २५ सेंटिमीटर. ध्रुवापासून मोजले तर बरोबर १५!

संगणक खरे बोलत होता. पाठ्यपुस्तकाचे सूत्र अक्षालगतच्या किरणांसाठी आहे, आणि ही अट आपण वर्गात पुष्कळदा सांगायची विसरतो. ४ सेंटिमीटर उंचीचा किरण १९.९० सेंटिमीटरवर छेदतो, म्हणजे सूत्र चालते. २० सेंटिमीटर उंचीचा किरण १६.९१ वर छेदतो, म्हणजे सूत्र कोलमडते. या दोषाला गोलीय विपथन म्हणतात. खोडदच्या तबकडीचे नाभीय अंतर सुमारे १८.५४ मीटर आहे. तीच तबकडी गोलीय केली असती, तर कडेचे किरण १३.८ मीटरच्या आसपासच अक्षाला छेदून गेले असते, नाभीच्या पावणेपाच मीटर अलीकडे. म्हणून ती अन्वस्त आकाराची आहे.

याच गोलीय आरशावर आणखी एक गंमत करता येते. किरणाची उंची हळूहळू वाढवत न्या. ३४.६४ सेंटिमीटरला आपतन कोन ६० अंश होतो आणि परावर्तित किरण थेट ध्रुवावर येऊन पडतो. उंची त्याहून वाढवली की किरण आरशालाच दुसऱ्यांदा धडकला पाहिजे. पुष्कळशा आज्ञावली मात्र तो आरशाच्या आरपार गेलेला दाखवतात. कारण त्यांना पृष्ठभागांचा क्रम आधीच ठरवून दिलेला असतो, आधी आरसा, मग पडदा. एकदा आरसा झाला की त्यांच्या लेखी तो संपला. भिंगे रचताना ही क्रमवार पद्धत सोयीची आणि वेगवान असते. पण प्रकाशाला आपण ठरवलेला क्रम माहीत नसतो. लोलकात दोनतीनदा आदळणारा किरण किंवा इंद्रधनुष्यातला पाण्याचा थेंब दाखवायचा असेल, तर प्रत्येक वेळी सगळे पृष्ठभाग तपासून सर्वांत जवळचा शोधणारी आज्ञावलीच हवी. आरपार गेलेला किरण दिसला तर प्रथम हे पाहावे की आज्ञावली कोणत्या जातीची आहे.

आता खऱ्या चुकांकडे वळू. त्यांतल्या बऱ्याचशा तुम्ही उत्तरपत्रिकांत रोज पाहता. चिन्हांची चूक हे पहिले उदाहरण. कार्टेशियन चिन्हसंकेत शिकवताना विद्यार्थ्यांची जी तारांबळ उडते, तीच आज्ञावली वापरणाऱ्या अनुभवी माणसाचीही उडते. डावीकडून प्रकाश येत असेल तर अंतर्वक्र आरशाची त्रिज्या ऋण, आणि परावर्तनानंतर किरण उलटा फिरल्यामुळे पुढचे अंतरही ऋण. यांतले एक चिन्ह चुकले तर आरसा बहिर्वक्र होतो. दुसरे चुकले तर पडदा आरशाच्या पाठीमागे जातो. दोन्ही एकदम चुकले तर कधी कधी चित्र बरोबर भासते. तो प्रकार सर्वांत वाईट. दुसरी हमखास चूक कोनांच्या एककाची. स्प्रेडशीटमध्ये ३० चे साइन मागा. उत्तर ०.५ येणार नाही, उणे ०.९८८ येईल, कारण तिला कोन रेडियनमध्ये हवा असतो. हे एकदा वर्गात करून दाखवावे. विद्यार्थी ते जन्मभर विसरत नाहीत.

स्तंभिकेची चूक जरा लपून बसते. परावर्तनाच्या सदिश सूत्रात स्तंभिका पृष्ठभागाच्या आत रोखलेली असो की बाहेर, उत्तर तेच येते. अपवर्तनाच्या सूत्रात मात्र दिशा उलटली की किरण भलतीकडे वळतो. म्हणून आरसे सगळे ठीक चालतात आणि भिंगे तेवढी चुकतात असे दिसले, तर संशय स्तंभिकेच्या दिशेवर घ्यावा. तसेच स्तंभिकेच्या सदिशाची लांबी एक असायला हवी. ती नसेल तर परावर्तित दिशेची लांबीही एक राहत नाही, हे तपासायला एक ओळ पुरते.

काही वेळा स्प्रेडशीटच्या चौकटीत आकड्याऐवजी चुकीची खूण उमटते. ही खूण पुष्कळदा चूक नसून उत्तर असते. काचेतून हवेत ५० अंशांनी निघणाऱ्या किरणासाठी स्नेलचा नियम लावा. १.५ गुणिले ०.७६६ म्हणजे १.१४९. एवढे साइन असलेला कोन नाहीच. काचेचा संभाव्य कोन सुमारे ४१.८ अंश, त्यापुढे पूर्ण आंतरिक परावर्तन. आज्ञावली लिहिणाऱ्याने ही शक्यता लक्षात घेतली नसेल तर किरण तेथेच संपतो, आणि आपण म्हणतो किरण हरवला. वर्गमुळाखाली ऋण संख्या आली तर तिचाही अर्थ साधा आहे, तो किरण त्या गोलाला भेटतच नाही.

वर्गमुळाचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. रेषा आणि गोल यांचे छेदनबिंदू काढायचे म्हणजे वर्गसमीकरण सोडवायचे, आणि त्याला मुळे दोन असतात. रेषा गोलात एका बाजूने शिरते व दुसऱ्या बाजूने निघते. आपला आरसा त्या गोलाचा एक तुकडा फक्त. चुकीचे मूळ निवडले की किरण गोलाच्या पलीकडच्या बाजूला, जेथे आरसा नाहीच, तेथून परावर्तित होतो. हे पकडणे सोपे, कारण चित्र उघड वेडेवाकडे दिसते.

अवघड आहे ती या दोन मुळांपैकी एक शून्य असते तेव्हाची गोष्ट. किरण आरशावरून नुकताच निघाला आहे. त्याचा आरंभबिंदू आरशावरच आहे. म्हणजे पुढचा छेद शोधताना पुन्हा तोच आरसा शून्य अंतरावर सापडणार. शून्य बरोबर शून्य आले असते तर ते सोडून देता आले असते. पण संगणक साधारणपणे पंधरा-सोळा अंकांपर्यंतच संख्या साठवतो, आणि तीही द्विमान पद्धतीत. पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज मागून पाहा. ०.३ च्या मागे शून्यांची रांग येऊन सतराव्या दशांशस्थळी एक ४ दिसतो! त्याच कारणाने आपला बिंदू आरशाच्या पृष्ठभागावर नेमका न बसता अणूहूनही सूक्ष्म अंतराने पुढे किंवा मागे पडतो. पुढे पडला तर किरण सुखरूप निघतो. मागे पडला तर आज्ञावलीला आरसा पुन्हा समोर दिसतो, किरण तेथल्या तेथे पुन्हा परावर्तित होतो आणि आरशाच्या मागे निघून जातो.

या दोषाची खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. काही किरण बरोबर, काही चूक, आणि त्यांत कसलाही क्रम नाही. आरसा थोडा सरकवला की चुकणारे किरण बदलतात. भौतिकी अशी लहरी नसते. चिन्ह चुकले असते तर सगळे किरण एकाच रीतीने चुकले असते. उपाय सोपा आहे. समजा, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहून जवळचा छेद मोजायचा नाही असे सांगून टाकायचे. पण ही मर्यादा हवी तेवढी वाढवता येत नाही, नाहीतर एकमेकांना टेकलेल्या दोन भिंगांमधली पातळ फटच आज्ञावलीला दिसेनाशी होते.

दोष कोणताही असो, शोधण्याची रीत एकच. चित्राकडे पाहत बसू नये. एकच किरण घ्यावा आणि प्रत्येक पृष्ठभागावरचे त्याचे आकडे छापून घ्यावेत. मग ज्याचे उत्तर हाताने काढता येते अशी रचना आज्ञावलीला द्यावी. ६ सेंटिमीटर जाडीच्या काचेच्या आयताकृती ठोकळ्यावर ४५ अंशांनी किरण सोडला, तर तो आत २८.१ अंशांनी जातो आणि मूळ दिशेला समांतर, सुमारे २ सेंटिमीटर सरकून, बाहेर पडतो. टाचण्या टोचून हा प्रयोग आपण सर्वांनी केलेला आहे. समांतर येत नसेल तर अपवर्तनांकांची अदलाबदल झालेली असते. शेवटच्या बिंदूपासून किरण उलटा सोडून पाहावा. तो आल्या वाटेने परतलाच पाहिजे.

अन्वस्तासाठी तर फारच सुंदर कसोटी आहे. खोडदच्या तबकडीची खोली तिच्या व्यासावरून व नाभीय अंतरावरून ६.८३ मीटर येते. कडांच्या पातळीपासून मधला किरण ६.८३ मीटर खाली जातो आणि नाभीपर्यंत १८.५४ मीटर वर येतो. एकूण २५.३७. कडेचा किरण पातळीवरच तबकडीला भेटतो आणि तिरपा नाभीकडे जातो. पायथागोरसने त्याचे अंतर काढा. २२.५ आणि ११.७१ यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, २५.३७! मधल्या प्रत्येक किरणाची वाट तेवढीच भरते. आज्ञावलीतून येणाऱ्या वाटांच्या लांबीत फरक पडू लागला तर दिशा कितीही ठीक दिसोत, कोठेतरी चूक आहे.

अशा स्वतंत्र कसोट्या म्हणजे वेळेचा अपव्यय, असे कोणाला वाटेल. त्यांनी हबल दुर्बिणीची हकीकत आठवावी. एप्रिल १९९० मध्ये ती अवकाशात गेली आणि काही आठवड्यांतच तिच्या प्रतिमा पसरट असल्याचे ध्यानात आले. २.४ मीटरच्या आरशाची कड ठरल्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासली गेली होती. हा माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण तिसावा भाग. कागदावरची रचना अचूक होती. आरसा तपासण्याच्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते, आणि त्या उपकरणाच्या साक्षीने आरसा चुकीच्या आकाराला अतिशय अचूकपणे घासला गेला. मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट ही वाटते की दुसऱ्या दोन साध्या तपासण्यांत दोष दिसला होता. पण त्या कमी अचूक, म्हणून त्यांचे म्हणणे बाजूला ठेवले गेले. पुढे संगणकाने ताऱ्यांच्या बिघडलेल्या प्रतिमांवरून उलटा माग काढत आरशाचा प्रत्यक्ष आकार शोधला, त्यानुसार चश्म्यासारखी योजना केली आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी ती बसवली.

आज्ञावलीत एकही चूक नाही, आकडे सगळे बरोबर, कसोट्या उत्तीर्ण, आणि तरीही उत्तर खोटे, असेही घडते. त्यासाठी आपल्या दोन दुर्बिणींकडे परत येऊ. किरण ही मुळात एक सोय आहे. प्रकाश ही लहर आहे, आणि वाटेतल्या वस्तू तिच्या तरंगलांबीच्या मानाने खूप मोठ्या असतील तोवरच तिला सरळ रेषेने दाखवणे चालते. गिरवलीच्या आरशाचा व्यास दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे ३६ लाख पट आहे. तेथे किरणांचा माग उत्तम चालतो. अर्थात तेथेही आज्ञावली ताऱ्याची प्रतिमा बिंदूएवढी दाखवत असली तरी विवर्तनामुळे ती नाभीपाशी सुमारे १३ मायक्रॉनची होते, आणि हवेच्या चळवळीमुळे त्याच्याही कितीतरी पट पसरते.

खोडदला २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर हेच गुणोत्तर २१४ आहे. २ मीटर तरंगलांबीवर ते अवघे २२. आज्ञावली अन्वस्ताच्या नाभीपाशी एक टोकदार बिंदू दाखवील. प्रत्यक्षात तेथे ऊर्जा साधारण निम्म्या तरंगलांबीएवढ्या जागेत पसरलेली असते, २१ सेंटिमीटरला वीतभराहून कमी, तर २ मीटरला मीटरभर. एका तबकडीला आकाशाचा जो तुकडा दिसतो तोही २१ सेंटिमीटरला चंद्रबिंबापेक्षा थोडा लहान, आणि २ मीटरला सुमारे तीन अंशांचा, म्हणजे सहा चंद्र शेजारी मावतील एवढा. ३० तबकड्या दूर दूर मांडून त्यांचे संकेत जुळवायचे, ते यासाठीच.

सगळ्यांत मजा तबकडीच्या पृष्ठभागाची. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अखंड पत्र्याचा केला नाही. अन्वस्ताकृती नळ्यांच्या चौकटींवर पोलादी दोर ताणून त्यांवर ०.५५ मिलिमीटर जाडीच्या तारेची जाळी बसवली. जाळीची भोके जागेनुसार १० ते २० मिलिमीटरची. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि खर्च पुष्कळ वाचला. आता ही जाळी जशीच्या तशी, एकेक तार मोजून, आपल्या निर्दोष आज्ञावलीला द्या. १० मिलिमीटरच्या जाळीत मोकळी जागा ०.९४५ चा वर्ग, म्हणजे ८९ टक्के. २० मिलिमीटरच्या जाळीत ती जवळजवळ ९५ टक्के. आज्ञावली सांगेल की दहापैकी नऊ किरण जाळीतून आरपार जातात आणि ही दुर्बीण चालणे शक्य नाही. पण २१ सेंटिमीटरच्या लहरीला १० किंवा २० मिलिमीटरचे भोक दिसतच नाही म्हणा ना! तिच्या दृष्टीने ती जाळी म्हणजे जवळजवळ अखंड आरसा.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनाला विद्यार्थ्यांना घेऊन गेलात, तर त्यांना एखाद्या तबकडीकडे खालून पाहायला सांगा. जाळीतून पलीकडचे आकाश स्वच्छ दिसते. त्या प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते, आणि त्याच्यापुरते आज्ञावलीचे ८९ टक्के अगदी बरोबर आहेत.